पायवाट, वहिवाट आणि राजरस्ता

कोकणात वाटेला जितकी नावे आहेत तितकी फार थोड्या गोष्टींना असतील. दोन कुंपणांमधून जाते ती पाणंद. उतारावर जांभ्या दगडाच्या पायऱ्या बसवून बांधलेली ती पाखाडी. डोंगर चढून पलीकडच्या गावात उतरणारी ती घाटी. पऱ्ह्यावर आडवी खोडे टाकून केलेला तो साकव. आणि खाडीच्या काठाशी वाट संपून जेथे होडी लागते ती तर. आपल्या मुलखात यांपैकी कोणताही शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे गाडी उभी राहत नाही. चालणारा माणूस उभा राहतो.

इतिहासाच्या पुस्तकांत मात्र हा माणूस सहसा भेटत नाही. तेथे किल्ले भेटतात, लढाया भेटतात, सनदा आणि तहनामे भेटतात. किल्ल्यावर धान्य कोणत्या वाटेने चढले, ती वाट पावसाळ्यानंतर कोणी दुरुस्त केली, याची नोंद शोधू लागले की दप्तरे मुकी होतात. आजच्या व्याख्यानात या चालणाऱ्या माणसाच्या बाजूने आम्ही आपल्या तालुक्याचा इतिहास पाहणार आहोत. हेतू केवळ जुन्या गोष्टी आठवण्याचा नाही. दापोलीच्या बाजारातून सात वर्षांचे मूल एकटे शाळेत जाऊ शकते काय आणि सत्तर वर्षांची आजी एकटी देवळात जाऊन सुखरूप परत येऊ शकते काय, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना इतिहासाचा उपयोग होतो, असे आमचे मत आहे.

वाट म्हणजे बांधकाम

पायवाट आपोआप पडते, ती कोणी बांधावी लागत नाही, असा एक समज आहे. कोरड्या सपाट मुलखात तो काही अंशी खरा असेल. कोकणात तो मुळीच खरा नाही. आपल्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. उतारावरची मातीची वाट अशा एका पावसाळ्यात वाट राहत नाही, घळ होते. म्हणून आपल्या पूर्वजांनी दगड बसवला.

एखादी जुनी पाखाडी नीट पाहावी. दगड जांभा, तो येथल्याच खाणीत निघतो, काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. पायरी बुटकी आणि रुंद. कारण चढणाऱ्याच्या डोक्यावर हंडा असतो किंवा लाकडांचा भारा असतो, त्याला पायाखाली वाकून पाहता येत नाही. दोन्ही बाजूंना गडगा. त्याच्या आतल्या आंबा-फणसाची सावली आपोआप वाटेवर पडते. पाणी जाण्यास कडेने जागा. आजचा अभियंता ज्याला चढ, निचरा, सावली आणि सुरक्षित रुंदी म्हणतो त्या चारही गोष्टी तेथे आहेत. फरक इतकाच की, हा आराखडा कागदावर कधी काढला गेला नाही. तो चालणाऱ्यांच्या पायांनी आणि मानेने ठरवला.

साकवाची गोष्ट याहून निकडीची. माडाची किंवा पोफळीची खोडे पाण्यावर आडवी टाकलेली. ती दर पावसाळ्यापूर्वी तपासावी लागत, कुजलेली बदलावी लागत. ज्या वाडीकडून हे राहून जाई तिचा गावाशी संबंध तुटे. शाळेला निघालेले मूल अलीकडे, वैद्याची वाट पाहणारा रोगी पलीकडे, आणि मध्ये लालभडक पाण्याचा लोंढा. अशा स्थितीत साकव बांधणे हा दानधर्म नव्हता, ती सर्वांची गरज होती. म्हणून त्याचे काम घरटी माणूस देऊन होई. आपल्या गावांतील सार्वजनिक बांधकाम खाते म्हणतात ते हेच होते. त्याला कचेरी नव्हती, पण मुदत होती, आणि ती मुदत मृग नक्षत्र घालून देत असे.

सबंध गाव चालण्याच्या सोयीने आखल्याचे उदाहरणही आपल्या तालुक्यात आहे. मुरुड गाव गंगाधरभट्टांनी वसवले अशी तेथली परंपरा असून महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या आत्मवृत्तात गावाची ती हकीगत दिली आहे. मधून जाणारा रस्ता, दोन्ही अंगांना घरे आणि त्यांची आगरे, देवीचे देऊळ सर्वांना जवळ पडेल असे. ही आखणी आजही मुरुडच्या वाटेवरून चालणाऱ्यास जाणवते. घराच्या ओटीवर बसलेल्या माणसाची नजर रस्त्यावर असते आणि रस्त्यावरचा माणूस एकटा नसतो. वाट निर्धास्त ठेवण्याचे याहून स्वस्त साधन अद्याप कोणी शोधून काढलेले नाही.

लेणी, बंदर आणि घाट

या लहान वाटांना जोडणाऱ्या मोठ्या वाटाही फार जुन्या आहेत. कोटजाई नदीच्या काठी पन्हाळे काजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे. त्यांत प्रथम बौद्ध भिक्षू राहिले, पुढे वज्रयान पंथाचे साधक आले आणि अखेरीस नाथपंथी जोगी. या तिन्ही पंथांत मोठे अंतर आहे. पण एक गोष्ट सारखी आहे, आणि ती म्हणजे हे सगळे पायी हिंडणारे लोक होते. आठ महिने चालायचे आणि पावसाळ्यात एका जागी थांबायचे, हा भिक्षूंचा वर्षावासाचा नियम. जेथे लेणे आहे तेथून जवळच वाट आहे, असे पुष्कळदा खुशाल समजावे.

दाभोळ हे त्या वाटांचे समुद्राकडचे टोक. मध्ययुगात दाभोळची गणना पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या बंदरांत होत असे. पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी अफनासी निकितिन चौलास उतरला, जुन्नरवरून बिदरला गेला आणि परत जाताना दाभोळास येऊन जहाजात चढला. जाताना त्याला जुन्नरला पावसाळा काढावा लागला. कारण सगळीकडे चिखल. परदेशचा व्यापारी असो की आपला भिक्षू, सह्याद्रीच्या पावसाने दोघांनाही एकच नियम घालून दिला.

घाटावर चढणाऱ्या वाटांत नाणेघाट सर्वांत प्रसिद्ध. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी तेथे कातळात वाट खोदली, माथ्यावर लेणे कोरले आणि त्यात राणी नागनिकेचा लेख घातला. त्याहूनही आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याच्या कडेने वड लावल्याचे, आमराया केल्याचे, विहिरी खणल्याचे आणि पाणपोया घातल्याचे नमूद केले आहे. राज्याच्या कीर्तीचा हिशेब देताना त्या सम्राटाला रस्त्याची रुंदी सांगावीशी वाटली नाही; चालणाऱ्याची सावली आणि पाणी सांगावेसे वाटले. या गोष्टीचा विचार आम्हांला आजही करण्यासारखा वाटतो.

छावणीचे गाव

आजची दापोली ही मात्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकाची निर्मिती आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि त्यानंतर लवकरच इंग्रजांनी दक्षिण कोकणातल्या आपल्या फौजेसाठी या माळावर छावणी वसवली. समुद्रापासून पाच-सहा मैल, पण उंचावर. त्यामुळे हवा थंड. लोक या गावाला कॅम्प दापोली म्हणू लागले, आणि त्याचाच अपभ्रंश होऊन काप दापोली. छावणीच्या रस्त्यांची रीत निराळी. ते सरळ, मोकळे, कडेला झाडे लावलेले. संचलनासाठी आणि साहेब लोकांच्या फेरफटक्यासाठी ते केले होते. १८५७ च्या सुमारास फौजा गेल्या. मागे राहिले मोकळे मैदान, पडकी चर्चे, कचेऱ्या, मिशनची शाळा आणि पेन्शनीवर जगणारे शिपाई.

या शाळेने दापोलीच्या वाटांना नवे प्रवासी दिले. ते म्हणजे विद्यार्थी. पुढे धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहून १९६३ मध्ये 'भारतरत्न' झालेले पांडुरंग वामन काणे येथल्याच मिशन शाळेत शिकले. त्यांचे वडील दापोलीस वकिली करीत. साने गुरुजी पालगडचे. पालगडहून दापोली सुमारे सहा कोस, आणि ते सहा कोस विद्यार्थी पायी तुडवीत. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये धाकट्या भावासाठी शिवून घेतलेला कोट घेऊन भर पावसात दापोलीहून घरी निघालेला श्याम महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. वाचकाचा जीव त्या वेळी कशाने खालीवर होतो? वाटेत दुथडी वाहणाऱ्या पाण्याने. मोटारीचे भय त्या वाटेवर नव्हते, पाण्याचे होते.

कर्व्यांची हकीगत तर याहून विलक्षण. सरकारी परीक्षेला बसण्यासाठी १८७५ मध्ये मुरुडचा हा मुलगा सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून साताऱ्यास गेला. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे १७५ किलोमीटरांहून अधिक; सगळे पायी. तेथे पोचल्यावर परीक्षकांनी त्याच्या चणीकडे पाहून वय कमी दिसते असे ठरवले आणि त्याला परत पाठवले. पुढे कोल्हापूरच्या केंद्रातून तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. याच कर्व्यांनी १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि त्यासाठी दारोदार पायी फिरून वर्गणी गोळा केली. शंभरी ओलांडून १९६२ मध्ये ते गेले.

अशा गोष्टी सांगताना, पूर्वीचे लोक किती चालत आणि आताची मुले कशी सुखवस्तू झाली, असा सूर लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आम्हांला तो मान्य नाही. ११० मैल चालणे हा पुरुषार्थ असेल, पण ती अडचणही होती. ज्या शेकडो मुलांना तेवढे चालवले नाही ती शिकली नाहीत, आणि त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. मुलींचा तर त्या वाटेवर प्रश्नच नव्हता. गावात बाई सर्वांत जास्त चालत होती. पण विहिरीपर्यंत, रानापर्यंत आणि शेतापर्यंत. शाळेची वाट तिच्यासाठी बांधलेली नव्हती. तेव्हा जुन्या काळाची आरती करण्यापेक्षा, त्या काळच्या वाटांवर कोणाला चालता येई आणि कोणाला येत नसे, हे पाहणे अधिक प्रामाणिक ठरेल.

रस्ता कोणाचा?

या प्रश्नाची एक मोठी चकमक आपल्याच दापोलीत झाली. छावणी गेली तरी फौजेतून निवृत्त झालेले अनेक महार आणि चांभार शिपाई येथे स्थायिक झाले होते. त्यांत गोपाळबाबा वलंगकर होते. अस्पृश्यतेवर शास्त्राधार मागणारे 'विटाळ विध्वंसन' त्यांनी १८८८ मध्ये लिहिले आणि दापोलीत अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली. १८९० च्या दशकात येथल्या पेन्शनरांनी नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना प्रवेश मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केले. प्रवेश देणे भाग पडल्यावर मुलांना वर्गात न घेता पडवीत बसवण्यात आले. शाळेपर्यंतचा रस्ता सरकारचा, शाळा लोकांच्या कराची. पण उंबऱ्याशी येऊन वाट संपत होती.

सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ कुटुंबासह याच गावी राहिले. त्यांचे मूळ गाव शेजारच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यांच्या धाकट्या मुलाच्या, भीमरावांच्या, बालपणाचे काही दिवस दापोलीत गेले. पुढे १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या करण्याचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. ठराव कागदावर राहतो आहे हे पाहून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह चालत गेले. त्याच सुमारास, १९२४-२५ मध्ये, दक्षिणेत त्रावणकोर संस्थानातील वायकोम येथे तर देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढ्याचसाठी सत्याग्रह झाला. आणि सहा कोस चालून दापोलीस शिकायला येणारा पालगडचा मुलगा, म्हणजे साने गुरुजी, १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर हिंडला आणि अखेर उपोषणास बसला.

या सर्व लढ्यांचे सार २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानात उतरले आहे. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. सार्वजनिक पैशाने राखलेल्या रस्त्याचा वापर करण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने कोणाही नागरिकास मनाई करता येणार नाही. रस्ता हा शब्द तेथे सहज आलेला नाही. त्यावरून चालू न दिलेल्या माणसांच्या पिढ्या त्यामागे उभ्या आहेत.

मोटार आली

आता आपण ज्या काळात रस्त्याचा अर्थच बदलला त्या काळाकडे येतो. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीने मेलेली पहिली पादचारी म्हणून तिचे नाव सांगतात. अशी गोष्ट पुन्हा कधी घडू नये, असे उद्गार मृत्यूच्या चौकशीच्या वेळी निघाल्याचे सांगतात. पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे.

हिंदुस्थानात मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये झाला. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांच्या विकासासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्या समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला, १९२९ मध्ये रस्ता निधी स्थापन झाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली. १९४३ मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरून वीस वर्षांची योजना ठरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग अशी वर्गवारी तीत झाली. पायवाटेचा स्वतंत्र वर्ग तीत नव्हता. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पैसा पेट्रोलच्या करातून येत होता, आणि ज्याच्या करातून रस्ता होतो त्याच्याच मापाने तो आखला जातो.

मोटारीने कोकणाचे कल्याण केले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, आणि पुढे ती घाट उतरून आपल्या वाड्यावस्त्यांपर्यंत आली. डोलीत घालून कोसन् कोस न्यावा लागणारा रोगी तासाभरात दवाखान्यात पोचू लागला. मुली शाळेत जाऊ लागल्या. मुंबईला जाण्यासाठी हर्णेच्या बंदरात बोटीची वाट पाहणे संपले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी झाल्यावर खेडचे स्थानक आपल्याला जवळ झाले. पण एक गोष्ट आपण विसरलो. एस.टी.चा प्रत्येक उतारू गाडीत चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर पादचारीच असतो. थांब्यापासून घरापर्यंतची वाट जर धोक्याची असेल तर गाडीची सोय अर्धीच राहिली.

रस्ता रुंद झाला तसा चालणारा कडेला गेला. कडा डांबराखाली गेली तसा तो गटारावर गेला. आणि गटारावर सामान आले तेव्हा तो पुन्हा गाड्यांच्या मध्ये आला. ही हकीगत कोणत्या परक्या शहराची नाही. केळस्कर नाका किंवा बुरोंडी नाका येथे सुट्टीच्या दिवशी सकाळी उभे राहिले की ती डोळ्यांनी दिसते. हर्णे, मुरुड, कर्दे, आंजर्ले या किनाऱ्यांकडे जाणाऱ्या पाहुण्यांच्या मोटारी, बाजाराला आलेली खेड्यांतली माणसे, पाट्या घेऊन आलेल्या मासळीवाल्या बाया आणि शाळेची मुले, हे सगळे एकाच अरुंद पट्टीत येतात. आणि त्यात ज्याच्यापाशी लोखंडाचे कवच नाही त्याने बाजूला व्हायचे, असा अलिखित कायदा झाला आहे.

हा कायदा किती महाग पडतो ते सरकारी आकडेच सांगतात. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पादचारी ३२,८२५. म्हणजे दर दिवशी सुमारे ९० माणसे, केवळ चालत असताना. यामागे साधा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीपेक्षा ५० च्या वेगाने येणाऱ्या त्याच गाडीचा आघात जवळजवळ पावणेतीन पट असतो. पहिल्या धक्क्यातून माणूस बहुधा वाचतो. दुसऱ्यात वाचण्याची आशा झपाट्याने मावळते. वेग आवरणे हा म्हणूनच शिष्टाचाराचा नव्हे, जीवनमरणाचा प्रश्न आहे.

इतरांनी काय केले

जगातल्या गावांनी यावर उपाय शोधले नाहीत असे नाही. ब्रिटनमध्ये १९५१ साली रस्ता ओलांडण्यासाठी काळेपांढरे पट्टे आले. कोपनहेगन शहराने १९६२ मध्ये आपली मुख्य पेठ वाहनांना बंद केली. हॉलंडमध्ये १९७० नंतरच्या वर्षांत मुलांचे रस्त्यावरचे मृत्यू पाहून आईबाप रस्त्यावर उतरले, आणि वस्तीतल्या गल्लीत गाडीने माणसाच्या चालीने जावे हा नियम तेथे झाला. आज तो देश सायकलींसाठी प्रसिद्ध आहे; पन्नास-साठ वर्षांपूर्वी तोही मोटारींनी भरत चालला होता.

पण इतके दूर जाण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातले माथेरान दापोलीसारखेच इंग्रज अमलात नावारूपाला आले. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये ती जागा हेरली. तेथे मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात, आणि गाव मात्र पर्यटकांनी भरलेले असते. मोटार दाराशी आली नाही तर पाहुणा येणार नाही, हे म्हणणे माथेरानने खोटे ठरवले आहे. अर्थात तेथेही प्रश्न आहेत. माणसाने माणसाला ओढण्याची रिक्षा हा त्यांतला सर्वांत लाजिरवाणा. ती बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये द्यावा लागला. चालण्याचे गाव म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि कष्टकऱ्यांना विसरलेले गाव नव्हे, एवढा धडा त्यावरून घ्यावा.

पुण्याच्या महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण संमत केले, आणि २०२१ मध्ये ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळण्यास आरंभ केला. एका दिवसाने रस्ता बदलत नाही हे खरे. पण त्या दिवशी लोकांना कळते की, आपण ज्याला गर्दी म्हणतो तिच्यातली जागा माणसांनी कमी आणि वाहनांनी अधिक अडवलेली असते.

कायद्याचीही साथ आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथ चालणाऱ्यांसाठी असतो असे सांगतानाच, उपजीविका हाही जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अडथळा नसलेला आणि अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ मिळणे हे एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात येते असे स्पष्ट केले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी असे दिले आहे. उंची का कमी ठेवायची ते आपल्या पाखाडी बांधणाऱ्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

गावाने काय करावे

दापोलीचे रस्ते अरुंद आहेत, पदपथाला जागा कोठून आणायची, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. आणि म्हणूनच वेग कमी केला पाहिजे. जेथे चालणारा आणि गाडी यांना वेगळे करता येत नाही तेथे गाडीने चालणाऱ्याच्या बेताने जावे. गटारावर सपाट, न डगमगणारी फरशी घातली तर पुष्कळ ठिकाणी पदपथ तयारच आहे. शाळा सुटण्याच्या वेळी शाळेपुढचा रस्ता अर्धा तास शांत ठेवण्यास पैसा लागत नाही, ठराव लागतो. व्यापारी बंधूंना भीती वाटते की, गाडी दुकानापुढे उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक जाईल. पण पायी जाणारा माणूस दुकानात डोकावतो आणि गाडीतला माणूस बहुधा पुढे निघून जातो, हा अनुभव पेठेतल्या जुन्या दुकानदारांना आमच्याहून अधिक आहे. मासळीवाल्या आणि भाजीवाल्या बायांना उठवून वाट मोकळी करणे हाही न्याय नव्हे. त्याही याच वाटेने आलेल्या आहेत. त्यांची जागा आखून द्यावी आणि वाटही राखावी.

आणि एक गोष्ट शहराबाहेरची. किनाऱ्याजवळच्या जमिनी झपाट्याने विकल्या जात आहेत आणि नव्या मालकाचे तारेचे कुंपण जुन्या पाणंदीवर येते, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. येथे 'वहिवाट' हा आपला जुना शब्द कामास येतो. वाट कागदावर नसली तरी वापराने तिच्यावर हक्क निर्माण होतो, हे तत्त्व कायद्याने मानले आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेवरचा अडथळा तहसीलदार दूर करू शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा केला पाहिजे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमात बांधावरून वाट देण्याची तरतूद आहे. सहा महिने म्हणजे एक पावसाळा आणि त्यावर दोन महिने. त्या वाटेने जो चालतच नाही त्याला ती अडवल्याचे तेवढ्यात कळणारही नाही. वहिवाट राखण्याचा पहिला उपाय म्हणजे त्या वाटेने चालत राहणे.

या व्याख्यानमालेचे दिवस वसंताचे आहेत. मृग आता दूर नाही. पूर्वी याच दिवसांत वाडीवाडीतली माणसे साकवाची खोडे तपासत आणि पाखाडीचे सुटलेले दगड बसवीत. तोच रिवाज आपण नव्या रीतीने चालवावा, अशी आमची विनंती आहे. प्रत्येक वाडीने आणि प्रत्येक आळीने पावसाळ्यापूर्वी एक दिवस आपली वाट चालून पाहावी. बरोबर एक शाळकरी मूल, एक वृद्ध आणि डोळ्यांनी किंवा पायांनी अधू असलेले एखादे माणूस घ्यावे. ती जेथे थबकतील ती जागा वहीत टिपावी. ती वही नगरपंचायतीपुढे आणि ग्रामसभेपुढे ठेवावी, आणि पुढच्या वसंतात त्यातली किती ठिकाणे दुरुस्त झाली याचा हिशेब याच व्यासपीठावरून मागावा.